मागचा शहाणा

धाकट्या भावाच्या चपला दाराशी वाजल्या तसा मास्तरांनी घाईघाईने टीव्ही बंद केला. पडद्यावर त्याच कंपनीची बातमी चालू होती, जिचे शेअर दोघा भावांनी आपापल्या नावावर घेतले होते. महिन्याभरात भाव निम्म्यावर आला होता.

धाकटा मात्र हसतच आत आला. छापखान्याची शाई अजून त्याच्या नखांत होती.

"वहिनी, चहा टाका! दादा, छापखान्यातलं कटिंग मशीन विकलं. उद्या त्या पैशांचे आणखी शेअर घेतो."

आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मास्तरांना हक्काचा विद्यार्थी हा एकच उरला होता. कुठे फुलांच्या कंदांपायी माणसं देशोधडीला लागली, कुठे रेल्वेच्या शेअरांपायी घरंच्या घरं बुडाली, सगळं त्यांनी त्याला रंगवून सांगितलं होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! घाबरून विकतो तो बुडतो, थांबतो तो तरतो, हे तर इतक्यांदा, की धाकट्याला ते तोंडपाठ होतं. बाजार सावरतो, पण प्रत्येक कंपनी सावरतेच असं नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं. मास्तरांना स्वतःलाच ते परवा उमगलं होतं.

"नको घेऊस," ते म्हणाले. "आहेत तेही विकून टाक. उद्याच."

धाकटा खो खो हसला. "परीक्षा घेतोस होय माझी? लहानपणी पाढे घेताना मुद्दाम चुकीचं सांगायचास, तसं?"

"अरे, खरंच सांगतोय. ही कंपनी आता वर येत नाही."

धाकट्याचं हसू मावळलं. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"दादा, तू विकलेस?"

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. मास्तरांनी परवाच, बायकोला विचारून, आपले होते नव्हते ते सगळे शेअर विकले होते. हो म्हटलं असतं तर भाऊ वाचला असता. पण मग थोरल्याने त्याला न सांगता आधी स्वतःची कातडी वाचवली, हेही त्याला कळलं असतं. समोरच्या त्या भाबड्या तोंडाकडे बघून मास्तरांना जीव नकोसा झाला.

"नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर!" धाकट्याने मांडीवर थाप मारली. "तू थांबलायस, मग मला कसली भीती?"

बायकोने चहा आणून ठेवला आणि मास्तरांकडे न बघताच ती आत निघून गेली. धाकट्याने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि उद्या बाजार किती वाजता उघडतो ते विचारलं.

मास्तरांनी वेळ सांगितली.