कागदी खुर्चीत अडकलेले गावप्रमुख

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, तीही कागदाची. हसू नका. औषधांची आणि साबणाची रिकामी खोकी मक्याच्या पिठाच्या खळीने एकावर एक चिकटवून आणि उन्हात खडखडीत वाळवून मला घडवले. घडवणाऱ्या झिओनेबाई. ज्या मुलांना बसणे, जेवणे जमत नाही, त्यांना ते शिकवणाऱ्या थेरपिस्ट. झोम्बा शहराच्या आसपासची खेडी मोटारसायकलवरून पालथी घालण्यात त्यांची अकरा वर्षे गेली होती.

माझे माप घेतले ते यांखोसाठी. पाच वर्षांच्या यांखोला आधाराशिवाय बसता येत नसे. दिवसभर ती आजीच्या, म्हणजे एनेलेसीच्या, पाठीवर बांधलेली असे. पोर वाढत होती आणि आजीची पाठ वाकत होती. पाठीने दगा दिला, की यांखोला चटईवर छपराकडे बघत पडून राहावे लागणार, हे सगळ्यांना दिसत होते.

मला अंगणात उतरवले तेव्हा शेजारचा लुफेयो म्हणाला, "कागदाची खुर्ची? बाई, पुढच्या खेपेला लाकडाची वही आणा!"

झिओनेबाई सरळ माझ्यावर चढल्या आणि त्यांनी तीन उड्या मारल्या. मी हूं की चूं केले नाही. लुफेयोचे तोंड उघडे ते उघडेच.

तिथेच घात झाला. एवढी भारी वस्तू पोरीने खरकटी करायची म्हणजे काय? बाईंची पाठ वळताच आजीने मला पाहुण्यांच्या खोलीत नेले आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. महिनाभर जो तो माझे कौतुक करून गेला. यांखो मात्र आजीच्या पाठीवरून माझ्याकडे बघत राही. मला फार लाज वाटे.

मग एके सकाळी खुद्द गावप्रमुख मला पाहायला आले. घरातली सर्वांत चांगली खुर्ची त्यांनाच द्यायची, ही रीत. आजीने यांखोला चटईवर पालथे निजवले आणि मला पुढे केले. प्रमुखांनी कसेबसे बूड टेकले. उठायला गेले, तर त्यांच्याबरोबर मीही उठले.

"एनेलेसी, ही मला सोडत नाही!"

"अहो प्रमुख, पोट आत घ्या!"

"आतच घेतलंय!"

लुफेयो करवत घेऊन धावत आला. "बाजू कापून टाकतो. खुर्ची काय, दुसरी मिळेल."

माझी बोबडीच वळली. तेवढ्यात गंमत बघायला यांखोने मान उचलली आणि ती तोंडावर पडली. आजी तिला घ्यायला वाकली, पण आजीला पुन्हा सरळ होताच येईना. गुडघ्यांवर बसूनच ती कडाडली, "लुफेयो, करवत खाली ठेव! खुर्ची माझ्या नातीची आहे. कापायचंच असेल तर प्रमुखांना काप!"

प्रमुख भीतीने असे आक्रसले, की सुटलेच.

दुपारी झिओनेबाई पाहणीला आल्या, तेव्हा यांखो माझ्यात ताठ बसली होती आणि प्रमुख मुकाट्याने उभे होते. तिने न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, पहिला घास कानात घातला. दुसरा प्रमुखांच्या बुटावर पडला. तिसरा तोंडात गेला.

"बाई, बघितलंत? आपल्या हातानं खाल्लं तिनं!" आजी म्हणाली आणि ढसाढसा रडली.

मित्रांनो, आता यांखोला मी पुरत नाही. उद्या मी पलीकडच्या गावी जाणार आहे. तिथे तीन वर्षांचा एक मुलगा अजून चटईवर पडून आहे. वस्तू जपून ठेवा, असे तुम्हाला सगळे सांगतात. मी हात जोडून उलटे सांगते. मला जपू नका. त्याला बसवा.