पहिलं उत्तर टाकून द्यायचं

कंपनीने दादाला डोकं चालवायला शिकवलं आणि दादाने मला. मखमलाबादच्या आमच्या ओट्यावर, झेंडूच्या ढिगापाशी बसून, सातपूरच्या कंपनीचं फुकटचं शिक्षण.

सोमनाथदादा तिथे फिटर होता. नव्याण्णव साली साहेबांनी कामगारांना एका हॉलमध्ये बसवून नव्या कल्पना कशा काढायच्या ते शिकवलं. पहिलं सुचलेलं उत्तर टाकून द्यायचं, कारण ते सगळ्यांनाच सुचतं. दादाने त्याचा खेळ केला. संध्याकाळी बाजारासाठी माळा ओवायला बसलो की तो एक अडचण सांगायचा. वेगळं उत्तर सुचेपर्यंत सुईत पुढचं फूल घालायचं नाही. माळा रखडायच्या, अण्णा, म्हणजे आमचे वडील, करवादायचे. मला मात्र वेड लागलं. आमच्या घरात माझ्या डोक्याची किंमत एकट्या दादाला होती.

त्याच जोरावर मी पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली आणि माझा नंबर लागला. अण्णांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात दादाने कंपनीतली अडचण घातली. "आमच्या खात्यात एक पोरगी हाय. हात लय चांगला तिचा. तिला पुण्याहून बोलावणं आलंय. नाय म्हटलं तर भांडून जाईल. तिला ठेवायची कशी?"

"पगार वाढवा."

"हे पहिलं. टाकून दे."

मी सुई धरून बसले. मग सुचलं. "अडवूच नका. खुशाल जा म्हणा. पण त्याआधी तिच्या हातात तिचं स्वतःचं असं काहीतरी द्या, जे तिच्याशिवाय जगणार नाही. मग तीच म्हणेल, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी बघू."

दादा माझ्याकडे बघत राहिला. "लय पुढं गेली तू," म्हणाला. मी अशी फुगले की त्या संध्याकाळी जेवणावर लक्ष नव्हतं.

थोड्याच दिवसांत अण्णांनी विहिरीजवळचा तुकडा मला दिला. गुलाबाची कलमं दादाने आणली. "हा प्लॉट सुवर्णाचा," अण्णा म्हणाले. "पुण्याला जायचं तर खुशाल जा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कलमं कोवळी, रोज बघावी लागायची. "यंदा राहू द्या," मीच म्हणाले. प्रवेशाची तारीख गेली. पुढच्या वर्षी फुलं ऐन भरात होती, परीक्षेचा अर्जही भरला नाही.

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. मला कळायला दुसरा दसरा उजाडला.

त्या दिवशी दादाच्या खात्यातला कुंदन झेंडू न्यायला आला. मी सहज विचारलं, "ती तुमच्या खात्यातली पोरगी राहिली का हो शेवटी? पुण्याला निघालेली?"

"कोण पोरगी? आमच्याकडं सगळे बापेच हायेत, ताई. पहिल्यापासून."

दादा समोरच माळ ओवत होता. त्याने मान वर केली नाही. कुंदन गेल्यावर मी म्हटलं, "ती पोरगी मी होते."

"अण्णा तुझं लगीन उरकून टाकणार होते," तो म्हणाला. "ते पहिलं उत्तर. मी टाकायला लावलं. तुझं लय बरं निघालं."

उपकार केल्यासारखा बोलला. मला रडू आलं नाही, भांडताही आलं नाही. आयुष्यात एका माणसाने मला विचार करायला शिकवलं आणि त्यानेच माझा विचार घेऊन मला बांधून ठेवलं. वर त्याची शाबासकी मी मिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता घेऊन प्लॉटवर गेले. सगळं तोडून टाकावं, हे लगेच सुचलं. पण कळ्या तयार होत्या. आज काढल्या नाहीत तर उद्या उमलून वाया जाणार होत्या. मी कोयता बांधावर ठेवला, कात्री आणली आणि कळ्या काढायला लागले. उपाय माझाच होता. तो चुकणार कसा.