सिंहाला कडबा

सोमवारी सकाळी मार्काचा सिंह व्यासपीठावरून खाली उतरला, आणि सोमवारी देऊळ धुवायची पाळी माझी असते. तशी मंगळवारचीही माझीच असते आणि उरलेल्या दिवसांचीही. मंडळीच्या फलकावर 'पाळी' असं ठळक लिहून त्याखाली सात वारांपुढे सात वेळा एकच नाव आहे, दोर्कस बोर्डे. त्यामुळे सिंह उतरला तेव्हा तिथे मीच होते. हातात फडकं होतं, आणि ओल्या फरशीवर त्याचे चार पंजे उमटले याचा मला आधी राग आला.

आमचं हे ख्रिस्ती देऊळ मिशनच्या काळातलं, काळ्या दगडाचं. पाळक जिथे उभे राहून उपदेश करतात त्या व्यासपीठाच्या पुढे सागवानी सिंह कोरलेला होता. संत मार्काची खूण म्हणजे सिंह, म्हणून. त्याला दोन पंख होते आणि त्या पंखांवर पवित्र शास्त्र उघडं ठेवलेलं असे. ज्या सुतारानं तो कोरला त्यानं आयुष्यात सिंह पाहिलेला नव्हता. आयाळ त्यानं कुणा साहेबाच्या दाढीवरून घेतली असावी, आणि कान सरळ आपल्या बैलाचे लावून दिले.

उतरताना सिंहानं पंख व्यासपीठावरच ठेवले. त्यांच्यावर शास्त्र होतं, ते पडलं असतं. घरचं वळण चांगलं दिसतंय, असं माझ्या मनात आलं.

"पाय उमटले बघ," मी म्हटलं.

त्यानं शेपटी फिरवली आणि चारही ठसे पुसून टाकले. मी फरशी नेहमी मागे मागे सरकत पुसते, व्यासपीठापासून दारापर्यंत, म्हणजे आपलीच पावलं आपल्या कामावर उमटत नाहीत. त्या दिवशी तोही माझ्या शेजारून मागे मागे आला. दारात पोचलो तेव्हा समोरची सगळी फरशी अशी होती की तिच्यावरून कधी कुणी चाललंच नाही. एकतीस वर्षं हे काम मी एकटी करत आले आहे. सोबत मिळाली तर किती बरं वाटतं, ते मला त्या सकाळी कळलं.

दहाच्या सुमारास पाळक आले. शांतवन आढाव त्यांचं नाव. वयानं माझ्या निम्मे, आवाज असा हळू की मागच्या बाकावरच्यांना आशीर्वाद मिळाला की नाही ते कळत नाही.

"उतरला का?" त्यांनी विचारलं.

"उतरला."

"रविवारपर्यंत वर जाईल?"

"विचारलं नाही, पाळकसाहेब."

मग मंडळीचे चिटणीस आले, बेन्यामीन वाघमारे गुरुजी. आडनाव वाघमारे, पण सिंह दिसल्यावर गुरुजी शेवटच्या बाकामागे जाऊन उभे राहिले आणि पुढचं सगळं तिथूनच बोलले. ते म्हणाले, की शाळेची सहल घेऊन ते एकदा गीरला गेले होते आणि सिंह त्यांना चांगले माहीत आहेत. नर दिवसभर लोळतात, शिकार माद्या करतात आणि पहिला घास नर घेतात.

"म्हणजे आपल्या मंडळीसारखंच," मी म्हटलं.

गुरुजींनी ते ऐकलं नाही. "रोममध्ये आपली माणसं यांच्यापुढे टाकत होते, हे विसरू नका. गर्दी जमायची बघायला."

"दानिएलाला नाही खाल्लं," पाळक म्हणाले.

"तेव्हा देवानं तोंडं बांधली होती. आता याला खायला काय घालायचं ते सांगा."

मटण घालावं असं मला वाटत होतं, आणि मी तसं बोललेही. पण गुरुजींनी बोट वर केलं. आमच्याकडे कुणी असं बोट वर केलं, की पुढे शास्त्र येणार हे ठरलेलं. ते म्हणाले, शास्त्रात स्पष्ट आहे, येणाऱ्या राज्यात सिंह बैलासारखा कडबा खाईल. हा जर शास्त्राखालून निघालेला सिंह आहे, तर त्याचं जेवण लिहून ठेवलेलं आहे. आपण नवीन काही ठरवायचं नाही.

"अहो गुरुजी, त्याचे दात बघा तरी."

"दात सुतारानं केलेत, बाई. वचन सुतारानं केलेलं नाही."

दुपारी गुरुजींच्या घरून ज्वारीच्या कडब्याच्या चार पेंढ्या आल्या. ठेवायला काही नव्हतं, म्हणून नाताळच्या देखाव्यातली लाकडी गव्हाण माळ्यावरून काढली. सिंहानं कडबा हुंगला, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी खाल्ला. घरी पाहुण्यानं न आवडलेली भाजी संपवावी तसा.

मंगळवारी देऊळ एका बाकानं आखूड झालं. चौदा बाकं होती, तेरा उरली. गेलेल्या बाकाची जागाही गेली होती, त्यामुळे मोकळं असं काही दिसत नव्हतं. बुधवारी बारा झाली. गुरुजींनी टेप आणून मोजलं आणि टेपही आखूड झाली आहे असा निष्कर्ष काढला. माझं म्हणाल तर मला पुसायला कमी लागत होतं. पेंढ्या येत होत्या, गव्हाण भरत होती, आणि दुपारी मी आणि सिंह दाराच्या उन्हात पडत होतो. तो डोळे उघडे ठेवून झोपायचा. बाकीचे त्याला घाबरून बाजूनं जायचे, पण तो झोपलाय हे मला कळायचं, कारण मीही तशीच झोपते. आमचे हे जिवंत होते तेव्हा म्हणायचे, "दोर्कस, तू झोपतेस का राखण करतेस?" मी म्हणायचे, दोन्ही.

ते दिवस चांगले गेले. उगाच खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी सकाळी गव्हाणीत छावा होता.

तो नव्या लाकडाचा होता, पॉलिश न केलेला, अंगावर सागाच्या रेघा आणि कान बैलाचे. डोळे मिटलेले होते. नाकाखाली मिशांचे केस होते, तेवढेच लाकडाचे नव्हते. मी छातीवर हात ठेवला. थंड. श्वास नव्हता. सिंह गव्हाणीपाशी बसून होता आणि त्यानं त्या दिवशी कडब्याला तोंड लावलं नाही.

गुरुजी दोन वह्या घेऊन आले, एक जन्माची, एक दफनाची. पेनाचं टोपण काढून ते उभे राहिले. "मेलेलं जन्मलंय. दोन्हीत लिहावं लागेल. आणि दिवस मावळायच्या आत माती द्यायला हवी."

"नाही," मी म्हटलं.

इथे मला एक सांगायला हवं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी मला मुलगी झाली होती. ती रडली नाही. नर्सनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला म्हणाली, बघू नको बाई, त्रास होईल. दिवस मावळायच्या आत आमच्या ह्यांनी आणि चार माणसांनी तिला माती दिली. तेव्हाच्या चिटणीसांनी तिला दोन्ही वह्यांत लिहिलं. कुणाचं काही चुकलं नाही. पण कुणी थांबलंही नाही. ते मला अजून खुपतं.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते घरात जाऊन एक जुनी वही घेऊन आले, मिशनच्या कुणा साहेबानं लिहिलेली, पानं पिवळी पडलेली. त्यातून त्यांनी हळू आवाजात वाचलं, इतक्या हळू की गुरुजींना शेवटच्या बाकामागून पुढे यावं लागलं. पूर्वीचे ख्रिस्ती लोक मानायचे, की सिंह उघड्या डोळ्यांनी झोपतो. आणि चालताना आपले ठसे शेपटीनं पुसतो.

"ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"आणि त्याचं पिल्लू मेलेलंच जन्मतं. तीन दिवस तसंच पडून राहतं. तिसऱ्या दिवशी बाप येतो आणि त्याच्या तोंडावर श्वास सोडतो."

"मग?"

"मग ते उठतं."

"शास्त्रात आहे हे?" गुरुजींनी विचारलं.

"शास्त्रात नाही."

गुरुजी दुष्ट नाहीत. त्यांना फक्त दोन वह्यांच्या मध्ये उभं राहता येत नाही. "आज शुक्रवार," ते म्हणाले. "रविवारची उपासना संपेपर्यंत थांबतो. मग मात्र लिहीन." त्यांनी टोपण लावलं.

शनिवारी देवळात नऊ बाकं उरली होती आणि बाजूच्या भिंतीही आत आल्या होत्या. खिडकीपाशी उभं राहिलं की समोरच्या खिडकीला हात लागत होता. मी सिंहाजवळ बसले आणि त्याच्या तोंडापुढे तळहात धरला. म्हटलं, उद्याची तयारी कितपत आहे ते बघू.

श्वास आला. उबदार होता, ओलसर होता, आणि त्याला गोठ्याचा वास होता. मी पुन्हा हात धरला. या वेळी त्यानं जरा जोर लावला आणि तो हंबरला.

आम्ही दोघंही थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिलो.

मी बाजारात गेले, मटण आणलं आणि भरपूर लसूण घालून रस्सा केला. पातेलं घेऊन देवळात आले. दार आता एवढं अरुंद झालं होतं की पातेलं आडवं आत जाईना, तिरकं करून न्यावं लागलं. सिंहानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मी नळी त्याच्या ओठांना लावली. तो मागे सरकला, आणि मागे सरकताना शेपटीनं आपले ठसे पुसत गेला. पाच दिवसांत आम्ही त्याला बैल करून ठेवलं होतं. तेही इतक्या श्रद्धेनं की कुणाला दोष द्यायची सोय नव्हती.

अन्न वाया घालवणं मला जमत नाही. मी गव्हाणीशेजारी बसून सगळा रस्सा संपवला, नळ्या चोखल्या, पातेलं भाकरीनं पुसून घेतलं. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

रविवारी आठ बाकं उरली होती. मंडळीतलं मात्र कुणी एक कमी झालं नव्हतं. बायका पांढऱ्या साड्या सावरून दाटीवाटीनं बसल्या, एकीचे गुडघे दुसरीच्या पाठीला, आणि भिंती कडेच्यांच्या अंगाला टेकलेल्या. कुणी तक्रार केली नाही. उलट गीत म्हणताना आवाज इतका एक झाला की पेटी वाजवणाऱ्यानं हात थांबवला. गुरुजी गव्हाणीपाशी दोन्ही वह्या मांडीवर घेऊन बसले होते.

शेवटचं गीत झालं. पाळकांनी व्यासपीठावरून मान हलवली. सिंह उठला, गव्हाणीवर वाकला आणि त्यानं श्वास सोडला. कडब्याची धूळ उडाली. छावा हलला नाही. त्यानं पुन्हा सोडला. मग सगळी ताकद लावली आणि तो हंबरला, लांब, दीनवाणा. मंडळीनं माना खाली घातल्या. हसावंसं वाटण्याजोगं होतं, पण कुणी हसलं नाही.

गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं.

सिंहानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सोमवारी कडबा खाण्याआधी पाहिलं होतं तसंच. मी दाराशी माझ्या बादलीजवळ उभी होते.

"दोर्कसबाई," पाळक म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. "या."

मी चपला काढून निघाले. फरशी सकाळीच पुसलेली, अजून ओली होती. दोन्ही बाजूंना गुडघे होते आणि मधून जेमतेम एका बाईपुरती वाट. अर्ध्यावर मी मागे वळून पाहिलं. माझी पावलं उमटली नव्हती. मागे काहीतरी सावकाश इकडून तिकडे फिरत ती पुसत येत होतं. साडीचा घोळ असावा असं म्हणून मी पुढे पाहिलं.

"बाई, त्या जुन्या वहीत बाप म्हटलंय," गुरुजी म्हणाले.

"लिहू नका अजून," मी म्हटलं.

मी गव्हाणीपाशी गुडघे टेकले. सिंह बाजूला सरकला आणि त्यानं मला जागा दिली. छाव्याचं तोंड माझ्या तळहाताएवढं होतं. त्या दिवशी टॉवेल उघडून बघायला हवं होतं, एवढंच माझ्या मनात आलं. म्हणून या वेळी मी डोळे मिटले नाहीत. श्वास आत घेतला. भिंती माझ्या खांद्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग मी तोंड उघडलं.

आवाज झाला. तो कसा होता ते मला सांगता येणार नाही, मी त्याच्या आतल्या बाजूला होते. व्यासपीठावरच्या शास्त्राची पानं फडफडत उलटली, पुढच्या बाकावरच्या बायकांचे पदर डोक्यावरून मागे गेले, गुरुजींच्या वह्या मिटल्या. देवळात लसणाचा आणि मटणाचा वास भरला. श्वास संपता संपेना. तो माझ्याजवळ बरीच वर्षं होता.

छाव्याच्या मिशा हलल्या.

"तुमच्या श्वासानं हलल्या असतील," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांच्या हातात पेन नव्हतं.

ते खरं होतं. मी श्वास रोखला. पाळकांनी रोखला, मग गुरुजींनी, मग एकेका बाकानं, आणि सगळी मंडळी माझ्या खांद्यावरून गव्हाणीवर वाकली. शेजारी सिंहानं पहिल्यांदाच आपले डोळे मिटून घेतले. देवळात आता कुणीच श्वास घेत नव्हतं.

मिशा हलत होत्या.