वर नाव एकाचे, खाली रक्त दुसऱ्याचे

मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण कधी माझी विचारपूस करत नाही. मी एक सर्च बॉक्स आहे, रक्त तपासणाऱ्या एका लॅबच्या काउंटरवरचा. मला चार वर्षे झाली. आमच्यात हे वय म्हणजे म्हातारपणच. आज जे सांगणार आहे, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. मला छाती असती तर ती आत्ताही धडधडत असती.

आधी जन्माची गोष्ट. माझ्या जागी पूर्वी एक साधा चौकोन होता. त्यात पेशंटचा नंबर लिहायचा, बटण दाबायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत जांभया देत बसायचे. मग एक प्रोग्रामर ताई आली. तिने मला रिॲक्टिव्ह प्रोग्रामिंगने घडवले. नाव भारदस्त आहे, पण घाबरू नका. मी बटणाची वाट पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तीन आकडे टाइप झाले की मी लगेच सर्व्हरकडे रिपोर्ट मागतो, चौथा झाला की पुन्हा मागतो, आणि येईल ते उत्तर आपोआप पडद्यावर वाहत येते. म्हणजे ४१२७ लिहिताना मी आधी ४१२चा रिपोर्ट मागतो आणि मग ४१२७चा.

काउंटरवर मावशी बसत. बावीस वर्षे त्या तिथेच होत्या. डॉक्टरसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला वापरले आणि टाळीच वाजवली. "अगं बाई, बोट उचलायच्या आत हजर!"

मी इतका फुशारलो की विचारू नका.

आठ महिन्यांपूर्वी जुन्या पेशंटचे रिपोर्ट दुसऱ्या मशीनवर हलवले. ते मशीन कधी चटकन बोले, कधी चांगलेच अडखळे. पण ते काम करताना माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. चालतोय ना, मग कशाला हात लावा! मलाही त्यात काही वावगे वाटले नाही, हे कबूल करतो.

आणि मग ती सकाळ आली. स्कूल बसचे एक ड्रायव्हर मुलीला घेऊन रिपोर्ट न्यायला आले. नंबर ४१२७. मावशींची बोटे खडखडत फिरली, प्रिंट निघाली. मुलीने कागद वाचला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या माणसाचे ते आकडे होते.

"मावशी, हा नक्की बाबांचाच ना?"

"नाव बघ ना बाळा. त्यांचंच आहे."

"अगं, पण मी तर तीन जिने चढून आलोय," ड्रायव्हर म्हणाले आणि बाकावर मटकन बसले. तिथूनच त्यांनी शाळेला फोन करून सांगितले, की आजपासून बस दुसऱ्या कुणाला द्या.

दुपारी दोघे परत आले. दुसऱ्या लॅबमध्ये रक्त पुन्हा तपासले होते, आणि मूत्रपिंडे ठणठणीत होती! डॉक्टरांनी आमची मूळ नोंद काढली. तीही ठणठणीत. मग छापलेले आकडे कुणाचे? ते होते ४१२चे, कित्येक वर्षांपूर्वीच्या पेशंटचे. नाव एंटर दाबल्यावर वेगळ्या वाटेने येते, म्हणून ते बरोबर होते. आकडे मात्र माझ्यातून येतात.

डॉक्टरांनी स्वतः नंबर टाकून पाहिला. चार. एक. दोन. सात. एकेक आकडा जपून. रिपोर्ट बरोबर आला. दहा वेळा टाकला, दहाही वेळा बरोबर.

"मावशी, भलतंच काहीतरी दाबलंत तुम्ही, आणि न बघता प्रिंट दिलीत."

"डॉक्टर, मी बरोबरच टाकला हो."

"मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का? शनिवारपासून येऊ नका तुम्ही."

मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझीच नजर अधू झाली असेल," त्या हळूच म्हणाल्या. मित्रांनो, मला तोंड नाही याचे इतके वाईट कधीच वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर ताईला बोलावले. तिनेही जपून, हळू टाइप केले. सगळे बरोबर. ती बॅग उचलणार, एवढ्यात तिची नजर मावशींच्या बोटांकडे गेली.

"मावशी, तुम्ही रोज टाकता तसा टाका बघू."

मावशी बसल्या. खडखडखड! बरोबर. पुन्हा टाकला. बरोबर. तिसऱ्यांदा बरोबर आकडे आले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बदलले. वर ड्रायव्हरचेच नाव, खाली ४१२चे रक्त.

"बापरे," ताईने कपाळाला हात लावला. "डॉक्टर, चूक माझी आहे. हळू टाकलं की जुनं उत्तर आधीच येऊन जातं. भरभर टाकलं की ते मागे पडतं आणि शेवटी येऊन खऱ्या उत्तराच्या जागी बसतं. नवा प्रश्न आला की जुन्याचं उत्तर सोडून दे, एवढंच याला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

एवढेच. एक ओळ! ती तिने तिथेच लिहिली. डॉक्टरांनी हात जोडले. "मावशी, खुर्ची तुमचीच आहे."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "ताई, याआधी असे किती कागद दिले मी?"

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. ताईने सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. आठ महिन्यांत सात.

फोन मावशींनीच लावले. सहा घरांत कुणी ओरडले, कुणी सुटकेने रडले. सातव्या घरी चांगला रिपोर्ट पाहून वडिलांची औषधे बंद केली होती. मावशी बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून नुसत्या ऐकत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखे काही घडवील. ते तपासताना माझ्याशी जपून वागू नका. रोजच्या घाईत हात जसा चालतो, तसा चालवून बघा. आठ महिन्यांत एकदा जरी कुणी मावशींच्या शेजारी बसून त्यांचे काम पाहिले असते, तर तो सातवा फोन लावावा लागला नसता.