परतीची बाकी त्र्याहत्तर

कुमानोसावा स्टेशनच्या इतिहासाची पुस्तिका लिहायचं काम निवृत्त स्टेशनमास्तर तोकुझोकडे आलं, कारण फुकटात लिहिणारा गावात दुसरा कोणी उरला नव्हता. शेवटची गाडी रविवारी सुटणार होती. खाणीकडे जाणारा फाटा तर कधीच उखडला होता.

शुक्रवारी नगर कचेरीतले कुरोइवा त्याने लिहिलेला मजकूर घेऊन त्याच्या घरी आले. मुळ्याचं लोणचं चाखलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मास्तर, हे काय? 'कोरियाहून खाणीत आणलेले मजूर : उतरले दोनशे बारा, परतले एकशे एकोणचाळीस.'"

"स्टेशनच्या तिकिटांच्या वहीत आहे तसं."

"वहीत पुष्कळ असतं. रविवारी शाळेची मुलं बाजा वाजवणार. त्यात ही वजाबाकी कशाला?"

युद्धाच्या काळात आणलेल्या त्या मजुरांचा करार दोन वर्षांचा होता, म्हणून खाणीने परतीची तिकिटंही आधीच काढून स्टेशनात ठेवली होती. न वापरलेलं तिकीट महिनाअखेर पुढच्या पानावर ओढायचं, हा स्टेशनचा रिवाज. तोकुझोचे वडील जिंपाची तेव्हा स्टेशनमास्तर. खाणीत कोण कसं मेलं, ते त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही. पण 'परतीची बाकी ७३' चोवीस वर्षं न चुकता ओढली. ते वारले आणि वही आली नव्या कारकुनाकडे, म्हणजे तोकुझोकडेच. विशीतला हुशार गडी. मुदत संपलेली तिकिटं कशाला वाहायची, म्हणून त्याने तांबडी रेघ मारून शून्य लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली.

"ओळ गाळा," कुरोइवा म्हणाले, "पहिल्या पानावर तुम्ही दिलेला वडिलांचा फोटो टाकतो. टोपीसकट."

तोकुझोने लोणच्याची बशी उचलून बाजूला ठेवली.

"फोटो परत द्या."

"मग ओळ आम्हीच गाळू, मास्तर."

"गाळाल. छापखाना तुमचा."

गाळलीच. रविवारी पुस्तिका वाटली गेली. तिच्यात ना ओळ, ना फोटो. वर्षभरात चढली नसतील एवढी माणसं त्या एका गाडीत कॅमेरे घेऊन चढली. गाडी वळणाआड गेल्यावर तोकुझोने स्टेशनातली शेवटची वही उघडली. रेल्वेतल्या जुन्या सवयीने पांढऱ्या हातमोज्याचं बोट रकान्यावर रोखलं, आकडा मोठ्याने म्हटला आणि लिहिला : परतीची बाकी ७३.

'पुढे ओढली, पान' या रकान्यात लिहायला पुढे पानच नव्हतं. तिथे त्याने आपल्या घराचा पत्ता लिहिला.