खुर्चीखालचा गालिचा

कंपनीच्या बैठकीच्या खोलीत फोटो काढायची परवानगी मेहुणीला भावोजींनीच मिळवून दिली होती. आपल्यासकट सगळे सूट घातलेले रुबाबदार संचालक तिच्या प्रदर्शनात भिंतीवर झळकतील, अशी त्यांची भाबडी समजूत. मेहुणीने काढल्या त्या रिकाम्या खुर्च्या, बैठक संपून माणसं उठून गेल्यागेल्या. मोठ्या साहेबांची अट एकच होती, की त्यांच्या खुर्चीकडे कॅमेरा वळवायचा नाही. साहेब सगळ्यांआधी येऊन बसत आणि सगळ्यांनंतर उठत, त्यामुळे त्या खुर्चीजवळ एरवीही कुणी फिरकत नसे.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अख्खं संचालक मंडळ हजर. सोमवारी निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या जागी नवा माणूस ठरणार होता आणि भावोजी त्या जागेवर कधीपासून डोळा ठेवून होते. आपल्या खुर्चीचा माणसाएवढा फोटो त्यांना समोरच दिसला. खुर्ची जाईल तेवढी वर चढवलेली. बाकीच्यांच्या खुर्च्यांखाली बुटांनी घासून गालिच्याला टक्कल पडलेलं, आणि ह्यांच्या खुर्चीखाली तो दुकानातून आत्ताच आणल्यासारखा. पाय टेकतच नसत, घासणार काय डोंबल!

"अगं, हे काय करून ठेवलंस?" भावोजी कुजबुजले.

"मी कुठे काय केलं? नुसतं खाली वाकून बघितलं. तुमच्यात कुणी वाकतच नाही," मेहुणी म्हणाली.

भावोजी फोटोला पाठ लावून उभे राहिले. बघतात तर काय, जो तो आपापल्या फोटोला पाठीशी घालून उभा! वित्तवाल्यांनी खुर्चीचा हात नखांनी कुरतडला होता. टेबलावर मुठी आपटणाऱ्या विक्रीवाल्यांनी खुर्चीच्या बुडाला च्युइंगम चिकटवलं होतं.

तेवढ्यात मोठे साहेब आलेच. "तुमची कुठली हो?"

थाप मारावी तर समोर मेहुणी, हसू दाबत उभी. भावोजी शेवटी फोटोपुढून बाजूला झाले. "ही. पाय पोचत नाहीत माझे, साहेब."

साहेबांनी वाकून तो गालिचा बराच वेळ बघितला आणि पुढच्या फोटोकडे गेले. गेलं सगळं मुसळ केरात, भावोजींनी मनाशी म्हटलं. "एवढं काय मनाला लावून घेता? तुमची उंची मला लग्नाआधीपासून माहीत आहे," असं बायको म्हणाली, तेही त्यांना टोमण्यासारखं लागलं.

सोमवारी साहेबांनी स्वतःच भावोजींचं नाव सुचवलं. टाळ्या झाल्या, मंडळी पांगली. साहेबांनी दार लोटून घेतलं. "बसा आता."

भावोजी त्या अवाढव्य खुर्चीत चढले. पाय पुन्हा लोंबकळलेच. खुर्ची खाली घ्यायचा दांडा चाचपला, तर तो नव्हताच. जीव अगदी रडकुंडीला आला. मग बुटाला टेबलाखाली काहीतरी लागलं. वाकून बघितलं, तर एक ठेंगणं लाकडी स्टूल, मधोमध बुटांनी झिजून गुळगुळीत झालेलं.

"माझ्या आधीच्या साहेबांचं," मोठे साहेब म्हणाले. "मलाही बसल्यावरच सापडलं. तेवढं तुमच्या मेहुणीला सांगू नका."