मेडोलार्कचा तिसरा पट्टा

पावणेसात वाजले की लिबी कुबिचेक रेडिओपाशी बसायची. मांडीवर मार्सेला, मार्सेलाच्या मुठीत पावाची वाळलेली कड, टेबलावर पेन्सिल आणि कोऱ्या पोस्टकार्डांची चळत. रेडिओचं मधलं बटण ती दोनदा फिरवायची. खट्, खट्. काटा तिसऱ्या पट्ट्यावर जायचा आणि समुद्रापलीकडची खरखर स्वयंपाकघरात शिरायची.

या तिसऱ्या पट्ट्यापायी चार वर्षांपूर्वी घरात मोठं रामायण झालं होतं.

रेडिओ मागवला लिबीच्या नवऱ्याने, लुमिरने. शिकागोच्या कॅटलॉगवाल्या दुकानाचा घरचा छाप होता तो, मेडोलार्क. दुकान स्वतः एक खिळाही बनवत नव्हतं. दुसऱ्याच्या कारखान्यात डबा तयार व्हायचा आणि हे लोक तबकडीवर पिवळ्या छातीचा पक्षी रंगवून आपलं नाव द्यायचे. लुमिरला साधा, एका पट्ट्याचा हवा होता. बाजारभाव ऐकायचे, रविवारी बँड ऐकायचा, संपलं. पण कॅटलॉगच्या फॉर्मवर तळाशी एक ओळ असायची: मागितलेली वस्तू संपली असल्यास त्याच किमतीत दुसरी पाठवलेली चालेल काय? आसपासच्या प्रत्येक घरात या ओळीपुढे ठळक 'नाही' लिहायची रीत होती. लुमिरने 'हो' लिहिलं.

"हो?" त्याची आई अँतोनी किंचाळलीच होती. "अरे, तुझ्या बापाने हो लिहिलं होतं, तेव्हा काळ्या बुटांच्या जागी तपकिरी आले! ते घालून आजोबांच्या दफनाला गेला. अजून लोक काढतात!"

"आई, रेडिओला काय काळं नि तपकिरी?"

तीन आठवड्यांनी स्टेशनावर खोकं आलं. सोबत नम्र चिठ्ठी: मागितलेला नमुना संपला, त्याच किमतीत याहून सरस पाठवत आहोत. सरस म्हणजे तीन पट्टे. तिसऱ्यावर लंडन, रोम, बर्लिन. अख्ख्या गावाला हसायला विषय मिळाला. दुकानात शिरलं की कुणीतरी विचारायचंच, "काय लुमिर, इंग्लंडच्या राजाने मक्याचा भाव विचारला की नाही?" लुमिर मानी. रेडिओ परत धाडला तर आई खरी ठरणार, म्हणून ठेवून घेतला. छपरावर बॅटरी भरणारा पंखा बसवला, कारण विजेचे खांब अजून त्यांच्या रस्त्यापर्यंत आले नव्हते. वारा असेल तितका रेडिओ. तिसऱ्या पट्ट्याला मात्र त्याने कधी हात लावला नाही.

नोव्हेंबरात तार आली. लढाईवर गेलेला लुमिर इटलीत बेपत्ता. लिबी तेव्हा मागच्या पायरीवर कोंबडीची पिसं काढत होती. तार वाचली, एप्रनच्या खिशात घातली आणि उरलेली पिसं काढली. रडू येईल असं तिला वाटलं. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दात उपटायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि ओठ आपला राहत नाही, तसं काहीतरी सगळ्या अंगाचं झालं होतं. मार्सेलाला ती न्हाऊ घालायची, वेणी घालण्याइतके केस नव्हते तरी विंचरायची, तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसायची. मुलीच्या मानेला वास यायचा तो यायचाच, दुधाचा, उबेचा. लिबीला तो कळायचा. पण कळून पुढे कुठे जायचा नाही.

टपालवाल्या रूडी हाव्लिकने तिला सांगितलं होतं. बर्लिनवाले रोज संध्याकाळी इंग्रजीत बोलतात, आपल्या बढाया मारतात आणि लोकांनी ऐकत राहावं म्हणून मधे मधे पकडलेल्या शिपायांची नावं वाचतात. नाव, नंबर, घरचा पत्ता. कधी घरासाठी दोन शब्द.

तेव्हापासून लिबी रोज बसायची. लुमिर जिवंत असला तर तो त्या आवाजात असणार, दुसरीकडे कुठे असणार? लुमिरचं नाव येत नव्हतं. पण दुसऱ्यांची येत होती आणि आलेलं नाव नुसतं कसं सोडायचं? पहिलं तिने लिहून घेतलं ते ओहायोतल्या एका पोराचं. रात्रभर कागद टेबलावर राहिला. सकाळी तिने त्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं: तुम्ही मला ओळखत नाही. काल संध्याकाळी तुमच्या मुलाचं नाव बर्लिनवरून ऐकलं. तो कैदेत आहे, बरा आहे असं म्हणाले. खरंखोटं देव जाणे, पण नाव घेतलं एवढं खरं.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत साठ-सत्तर कार्डं गेली असतील.

"दुसऱ्यांच्या पोरांसाठी बॅटरी जाळतेस," अँतोनी म्हणायची. "डुकरांचा भाव ऐकायला मिळत नाही मला."

"डुकरांचा भाव उद्याही असतो, आई."

"आणि वर तो पंखा. ऐक, कसा करकरतोय. मेलेल्या माणसाला उठवील." बोलून गेल्यावर म्हातारीने जीभ चावली. मग भाकऱ्या थापाव्यात तसे हात पिठात मारत राहिली. पाद्रीबाबांकडे जाऊन तिने लुमिरच्या आत्म्यासाठी प्रार्थनेचा दिवस विचारला होता. लिबीला ते बाहेरून कळलं होतं. बोललं कुणीच नव्हतं. पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार ठरला होता आणि अँतोनीने लिबीसाठी काळा झगा काढून खुर्चीवर टाकून ठेवला होता. लिबी त्यावर इस्त्रीचे कपडे रचत होती.

त्यांच्या रस्त्यावरच्या सात घरांत एकच टेलिफोनची तार होती. कुणाचीही घंटा वाजली की सातही घरं कान लावायची आणि ते कुणी लपवायचंही नाही.

"काय गं लिबी," झेलेंकाबाई एकदा मध्येच म्हणाल्या, लिबी धान्यवाल्याशी बोलत होती तेव्हा, "आज बर्लिनची हवा काय म्हणते?"

"थंड आहे, झेलेंकाबाई. तुमच्याकडे स्टोव्हवर काहीतरी करपतंय असं म्हणाले."

पलीकडे फोन दाणकन आदळला. बाकीची पाच घरं हसली, तीही ऐकू आली.

त्या गुरुवारी दुपारी बोझेनामावशी स्टानेकचा फोन आला. घसा साफ करून करून बोलत होती.

"लिबी, बाळा, एक मागू का? नाही म्हणालीस तरी चालेल."

"बोला ना, मावशी."

"तुझ्या वात्स्लावकाकाचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाला, आठवडा. आज आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. पोरीने रेडिओवाल्यांना पत्र टाकलंय. यँक्टनवाले त्याचं नाव घेऊन त्याच्या आवडत्या पोल्का नाचाचा बँड लावणार आहेत, वीस मिनिटं. पावणेसातला. आमच्या रेडिओची बॅटरी लढाई सुरू झाल्यापासून मिळतच नाही गं. या रस्त्यावर तुझाच तेवढा चालतो."

लिबीची नजर रेडिओकडे गेली. तारेवर सहा घरांनी श्वास धरला होता.

"मला ठाऊक आहे ती तुझी वेळ आहे," मावशी म्हणाली. "पावणेसातला म्हणून कळलं तेव्हा मी तुला फोनच करणार नव्हते."

"फोन रेडिओसमोर धरते," लिबी म्हणाली. "काकांना उशी देऊन बसतं करा."

अशी रीत होतीच. मोठा बँड असला, मुष्टियुद्ध असलं की ज्याच्याकडे रेडिओ त्याने रिसिव्हर त्याच्या तोंडाशी धरायचा. लुमिर तर रिसिव्हर दोरीने बांधून ठेवायचा आणि स्वतः अँतोनीला कमरेला धरून नाचवायचा. पण दोरी कुठे ठेवली ते लिबीला सापडलं नाही. तिने हातानेच धरला.

काटा पहिल्या पट्ट्यावर. निवेदकाने वात्स्लाव स्टानेकचं नाव घेतलं, बोझेनाचं घेतलं, पन्नास वर्षं म्हणाला, सगळं नीट. मग बँड सुरू झाला. तुताऱ्या, ढोल, अकॉर्डियन. मार्सेला टेबलाचा पाय धरून गुडघ्यांतून वरखाली होऊ लागली, पावाची कड हातातच. तारेवर सगळा रस्ता ऐकत होता. अँतोनी दारात उभी होती, तोंडावर एप्रन.

लिबी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सात वाजायला पाच. सात. सातवर चार. हात अवघडून लाकूड झाला होता. आता तिकडे कुणाचीतरी नावं वाचत असतील, तिच्या मनात आलं, आणि ते मनात आलं तसंच पडून राहिलं.

बँड थांबला. तारेवर म्हाताऱ्याचा आवाज आला, कोरडा, लांबचा.

"लिबी? ढोलवाला मागे पडत होता."

"हो काका. मलाही वाटलं."

"आमच्या वेळी असा चालला नसता."

तिने रिसिव्हर ठेवला आणि काटा तिसऱ्या पट्ट्यावर नेला. बर्लिनवर बाईच्या आवाजात एक गाणं संपत होतं. मग नुसती खरखर.

वात्स्लावकाका रविवारी गेले. सोमवारी लिबी खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन स्टानेकांकडे जाऊन आली. रडणाऱ्या बायकांच्या मधे बसली, सगळ्यांना कॉफी ओतली. झेलेंकाबाई कुणाच्यातरी कानात म्हणाल्या, "दगड आहे पोरगी." लिबीला पटलं.

मंगळवारी रूडी हाव्लिकने टपालपेटीपाशी गाडी थांबवलीच नाही. तसाच भोंगा वाजवत अंगणात आला, दार उघडं टाकून धावला. त्याच्या हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

"मी वाचलेली नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे वरचं वाचलं. पोस्टकार्डच ते, दिसतं ना! पोस्टमास्तरांनी पण वाचलं. लिबी, सगळी एकच सांगतायत!"

सव्वीस कार्डं होती. पेनसिल्व्हेनिया, मेन, टेक्सस, ओरेगन. शाईची, पेन्सिलची, एक लाल खडूने लिहिलेलं. तुम्ही मला ओळखत नाही. गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास. लुमिर कुबिचेक, गाव ह्राडेक, नेब्रास्का. कैदेत आहे. तब्येत बरी. आणि घरासाठी निरोप.

अँतोनीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. लिबीने तिला एकेक कार्ड उलगडून सांगितलं, सपाट आवाजात, धान्याची यादी वाचावी तसं.

"मेनमधला माणूस लिहितो, छपरावरच्या पंख्याला ग्रीस घाल, असा निरोप आहे. टेक्ससची बाई म्हणते, पवनचक्कीला तेल. हा ओरेगनचा. हा म्हणतो पंखा बंद कर. त्याला नीट ऐकू आलं नसेल."

"दुसरं काही नाही?" म्हातारीचा आवाज चिरकला. "आईची आठवण येते, देव सांभाळो, काहीच नाही?"

"दोनच शब्द बोलू देत असतील."

"आणि ते त्याने ग्रीसवर घालवले!" अँतोनी खुर्चीत बसली. काळ्या झग्यावरच बसली, इस्त्रीच्या कपड्यांसकट. जरा वेळाने तिचा चेहरा पुन्हा आवळला. "शत्रूचं बोलणं, लिबी. ते काहीही बनवून सांगतील. सरकारनेही तसंच कळवलंय ना, विश्वास ठेवू नका म्हणून?"

लिबी कार्डांचा गठ्ठा सरळ करत होती. कडा जुळवत, पुन्हा जुळवत.

"आई," ती म्हणाली, "आपला पंखा करकरतो हे बर्लिनवाल्यांना कुणी सांगितलं?"

अँतोनीने वर छताकडे पाहिलं. रूडी दारात उभा राहून टोपीने डोळे पुसत होता. लिबी दोघांकडे बघत होती. अजून काही आलं नव्हतं. ओठ अजून सुईखालीच होता.

टेलिफोन वाजला. स्टानेकांकडून.

"पोस्टमास्तर म्हणाला," बोझेनामावशी हुंदके देत होती. "आमच्या पोल्कात गेलं गं ते! चार महिने कान लावून बसलीस आणि नेमकी आम्ही तुझी वेळ घेतली."

"मावशी, मी ऐकलं असतं तर मला वाटलं असतं माझेच कान खोटं सांगतायत. आता सव्वीस जणांनी ऐकलंय."

"सगळे अनोळखी!"

"हो," लिबी म्हणाली. "बदली माणसं, या रेडिओसारखीच."

मग तिने लुमिरचा जाड कोट चढवला, कोठारातून ग्रीसचा डबा घेतला, शिडी लावली. अँतोनी खालून ओरडत होती, पडशील, मरशील, त्याने तुला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं असेल. लिबीने वर जाऊन ब्रेकची तार ओढून पंखा थांबवला. हातमोजे घालून बोटं आत जाईनात, म्हणून एक हातमोजा दातांनी काढला. ग्रीस गोठून मेणासारखं झालं होतं. उघड्या बोटाने ते तिने सांध्यात कोंबलं, आणखी कोंबलं. लोखंड इतकं गार होतं की आधी काही जाणवलंच नाही. मग जाणवलं. आधी नखांखाली, मग बोटभर, मग मनगटापर्यंत अशी कळ चढत आली की तिच्या तोंडून आवाज निघाला. डोळ्यांतून पाणी आलं, वाऱ्याने गालावर आडवं पसरलं. तिने ब्रेक सोडला. पंखा फिरला. करकर नव्हती.

ती वरच बसून राहिली, दुखरा हात काखेत धरून. खाली अंगणात उजेड उतरत चालला होता. खिडकीत मार्सेलाचं डोकं दिसत होतं, काचेला चिकटलेलं नाक.

"उतरतेस की नाही?" अँतोनीने दार उघडून हाक मारली. तिच्या एका हातात चाकू होता, दुसऱ्यात टोक केलेली पेन्सिल. "साडेसहा होऊन गेले! कुणाच्यातरी पोराचं नाव निघून जाईल तुझ्यापायी!"